परदेशात दोघांनीच गाडीने फिरायचंय? निघण्यापूर्वी तब्येतीची तयारी कशी कराल

स्वतः गाडी चालवत परदेश पाहण्याचा बेत हल्ली पन्नाशी-साठीतली जोडपीही आखतात. व्हिसा, हॉटेलं, गाडीचं बुकिंग ही कामं महिनोन् महिने आधी होतात. तब्येतीचा विचार मात्र बॅग भरताना, फार तर विमानाच्या आदल्या आठवड्यात होतो. तुम्हाला किंवा तुमच्या जोडीदाराला मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, थायरॉइड यांपैकी काही असेल, तर अशा प्रवासाची तयारी कशी करायची, ते या लेखात पाहू.

दवाखान्यातला एक प्रसंग

मध्यंतरी लालबागचे एक काका-काकू माझ्याकडे आले होते. काका ६३ वर्षांचे, काकू ५८. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर १२ दिवस गाडीने फिरायचा त्यांचा बेत होता. काकांना मधुमेह, काकूंना थायरॉइड आणि रक्तदाब. मी काकूंना विचारलं, काका कोणत्या गोळ्या घेतात? त्यांनी तीनही नावं, वेळा आणि शेवटचा एचबीए१सीचा आकडा सांगितला. मग काकांना विचारलं, काकूंच्या गोळ्या कोणत्या? काका म्हणाले, "एक सकाळची आहे बघा, पांढरी."

पुढचा प्रश्न गाडीचा. गाडी काका एकटेच चालवणार होते. काकूंकडे परवाना होता, पण पंधरा वर्षांत त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. म्हणजे काका आजारी पडले, तर काकूंना औषध माहीत पण गाडी येत नाही. काकू आजारी पडल्या, तर काकांना गाडी येते पण औषध माहीत नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जोडप्यांची हीच स्थिती असते.

ग्रुप टूरमध्ये टूर मॅनेजर असतो, ड्रायव्हर असतो, बरोबरची माणसं असतात. दोघांच्याच प्रवासात मदतीला फक्त जोडीदार असतो. त्यामुळे तयारीची सुरुवात एकाच प्रश्नापासून करा: आपल्यापैकी एकाला काही झालं, तर पहिला एक तास दुसऱ्याला निभावता येईल का?

मदत किती लांब आहे, ते आधी पाहा

आपल्या भागातल्या लोकांना एक सवय झालेली असते. परळला के.ई.एम., टाटा, वाडिया, मुंबई सेंट्रलला नायर, ताडदेवला भाटिया, चर्नी रोडला सैफी. छातीत दुखलं तर टॅक्सीने काही मिनिटांत पोहोचतो. औषध संपलं तर खालच्या केमिस्टला फोन केला की पोरगा वर आणून देतो.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर मोठी रुग्णालयं क्राइस्टचर्च आणि डनीडन या शहरांत आहेत. पर्यटक पश्चिम किनाऱ्यावर फ्रान्झ जोसेफ हिमनदी पाहायला जातात. तिथून क्राइस्टचर्च गाडीने पाच तासांच्या आसपास आहे. वाटेत काही टापूंत मोबाइलला नेटवर्क नसतं. गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने हलवतात, पण त्यासाठी आधी निरोप पोहोचावा लागतो.

म्हणून प्रत्येक मुक्कामापुढे तीन गोष्टी कागदावर लिहा: जवळचा दवाखाना, जवळचं मोठं रुग्णालय आणि तिथे पोहोचायला लागणारा वेळ. नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवा. त्या देशाचा तातडीचा क्रमांक दोघांनाही पाठ हवा. न्यूझीलंडमध्ये तो १११ आहे, ऑस्ट्रेलियात ०००, युरोपात ११२, ब्रिटनमध्ये ९९९ आणि अमेरिकेत ९११. आपला १०८ तिथे चालत नाही.

सहा ते आठ आठवडे आधी

या वेळी डॉक्टरांकडे दोघांनी एकत्र जा. उशिरा आलात तर औषध बदलून त्याचा परिणाम पाहायला वेळ उरत नाही.

- रक्तदाब, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, एचबीए१सी, मूत्रपिंडाची तपासणी आणि ईसीजी करून घ्या. हृदयविकार असेल तर हृदयरोगतज्ज्ञांची लेखी संमती घ्या.
- चाळीचे दोन जिने न थांबता, धाप न लागता, छातीत न दुखता चढता येतात का, ते पाहा. ही ढोबळ कसोटी आहे, पण जमत नसेल तर तपासणी झाल्याशिवाय निघू नका.
- डोळे तपासा. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोरच्या गाडीचे दिवे रात्री पसरलेले दिसतात. मधुमेह असेल तर पडद्याची तपासणीही करा. चष्म्याची दुसरी जोडी सोबत घ्या.
- दात दुखत असेल तर निघण्यापूर्वीच दाखवा. परदेशी दंतवैद्याचं बिल बहुतेकांना अनपेक्षित असतं.
- लसी: धनुर्वाताचा बूस्टर आणि फ्लूची लस यांबद्दल विचारा. फ्लूची लस निघण्यापूर्वी किमान दोन आठवडे घ्यावी. केनियासारख्या देशात जाणार असाल तर पिवळ्या तापाची लस लागते आणि ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून १० दिवसांनी लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. साठीपुढच्यांनी ही लस घेण्यापूर्वी डॉक्टरांशी जरूर बोलावं.

वाहन परवान्याची तारीखही आताच पाहा. चाळिशीनंतर परवान्याचं नूतनीकरण करताना डॉक्टरांचं फॉर्म १-ए हे प्रमाणपत्र लागतं. हा फॉर्म घेऊन अनेक जण "फक्त सही करा" म्हणत येतात. तसं करू नका. गाडी चालवायला तुम्ही खरोखर योग्य आहात का, हे तपासण्याची ती संधी आहे. इंटरनॅशनल परवाना आपल्या भागासाठी ताडदेवच्या आरटीओतून मिळतो. त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते आणि सोबत मूळ परवाना ठेवावाच लागतो.

गाडी चालवणाऱ्याची तब्येत

साखर कमी होणं. मधुमेह असलेल्या चालकासाठी सर्वांत मोठा धोका हाच. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्यांनी साखर एकदम खाली जाऊ शकते. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत हे क्वचित होतं. घाम, थरथर, धडधड, चिडचिड, समोरचं धूसर दिसणं ही लक्षणं. कधी कधी चालकाच्या आधी शेजारच्याच्या लक्षात येतं, कारण तो असंबद्ध बोलू लागतो किंवा विनाकारण चिडतो.

नियम सोपे आहेत. इन्सुलिन किंवा अशी गोळी चालू असेल, तर गाडी सुरू करण्यापूर्वी साखर तपासा आणि दर दोन तासांनी पुन्हा तपासा. ९० च्या खाली असेल तर आधी खा. ७० च्या खाली गेली किंवा लक्षणं जाणवली, तर गाडी सुरक्षित जागी थांबवा, बंद करा आणि तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. साखर नॉर्मलला आल्यावरही ४५ मिनिटं गाडी चालवू नका, कारण मेंदू सावरायला वेळ लागतो. बिस्किट आणि चॉकलेटने साखर हळू चढते, म्हणून सुरुवात त्यांनी नको. ग्लुकोजची पुडी डिकीतल्या बॅगेत नको, हाताशी हवी.

न्यूझीलंड, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात साखर वेगळ्या एककात सांगतात. तिथला आकडा १८ ने गुणला की आपला आकडा मिळतो. तिथल्या डॉक्टरने "१०" सांगितलं तर घाबरू नका, ते आपले १८० आहेत.

झोप. मुंबईहून न्यूझीलंडला पोहोचेपर्यंत वाटेतला थांबा धरून जवळपास एक पूर्ण दिवस जातो. तिथल्या उन्हाळ्यात घड्याळ आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे असतं. उतरल्या दिवशी गाडी ताब्यात घेऊ नका. एक रात्र नीट झोपा, मग चाव्या घ्या. आणखी एक गोष्ट फक्त जोडीदारच सांगू शकतो: हे मोठ्याने घोरतात का? झोपेत श्वास अडकल्यासारखा होतो का? दुपारी पेपर वाचता वाचता डुलकी लागते का? उत्तर हो असेल तर तो स्लीप अॅप्निया असू शकतो. अशी माणसं रिकाम्या, सरळ रस्त्यावर गाडी चालवताना झोपी जातात. निघण्यापूर्वी तपासणी करा.

गुंगी आणणारी औषधं. सर्दीच्या बऱ्याच गोळ्या, सेटिरिझिन, गाडी लागू नये म्हणून घेतात ती गोळी, झोपेची गोळी, नसांच्या दुखण्यासाठीचं प्रीगॅबालिन यांनी झोप येते. घाटात शेजारी बसणाऱ्याने उलटीची गोळी घेतली तर हरकत नाही, चालवणाऱ्याने घेऊ नये.

दुसरा चालक. जोडीदाराकडे परवाना असेल तर गाडी भाड्याने घेताना त्याचंही नाव चालक म्हणून नोंदवा आणि निघण्यापूर्वी महिनाभर सराव करून घ्या. रविवारी सकाळी रस्ते रिकामे असतात. दुसऱ्याला गाडी येतच नसेल, तर बेत तसा आखा: छोटे टप्पे, शहरांजवळचे मुक्काम आणि लांबच्या ठिकाणी बस किंवा रेल्वे.

औषधांची पिशवी

- प्रवासाचे दिवस अधिक किमान एक आठवडा, इतकी औषधं घ्या. ती दोन भागांत वाटून दोघांच्या हातातल्या बॅगेत ठेवा. एक बॅग हरवली तरी काम अडत नाही.
- इन्सुलिन चेक-इन बॅगेत टाकू नका, सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं. तसंच उन्हात उभ्या गाडीतही ठेवू नका. अर्ध्या तासात गाडीचं तापमान बाहेरच्यापेक्षा पंधरा-वीस अंशांनी वाढू शकतं. गोठलेलं किंवा तापलेलं इन्सुलिन दिसायला ठीक वाटलं तरी काम करेलच असं नाही.
- औषधं मूळ पाकिटात ठेवा. गोळ्या कापून डबीत भरल्या तर विमानतळावर त्या कशाच्या आहेत, हे सांगता येत नाही.
- डॉक्टरांकडून छापील पत्र घ्या. त्यात आजार, औषधाचं मूळ नाव, मात्रा आणि वेळ हवी. आपली ब्रँडची नावं परदेशी डॉक्टरला कळत नाहीत. शिवाय मधुमेहाच्या दोन-तीन औषधांची एकत्र गोळी आपल्याकडे सर्रास मिळते, तिथे ती मिळेलच असं नाही.
- आपली चिठ्ठी तिथल्या औषधाच्या दुकानात सहसा चालत नाही आणि अँटिबायोटिक स्थानिक डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही.

न्यूझीलंडमध्ये सोबतची औषधं जाहीर करावी लागतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं तीन महिन्यांपुरतीच नेता येतात. खाण्याचे पदार्थही जाहीर करायचे असतात. न सांगितलेला पदार्थ सापडला तर ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड जागेवर होऊ शकतो. लाडू असोत की लोणचं, फॉर्मवर "हो" लिहा. जाहीर केलेला पदार्थ फार तर काढून घेतात.

आखाती देशांत जाणाऱ्यांनी विशेष जपावं. संयुक्त अरब अमिरातीत ट्रॅमाडॉल, कोडीन, प्रीगॅबालिन यांसारख्या औषधांवर कडक नियंत्रण आहे आणि आधी परवानगी घ्यावी लागते. कोडीन आपल्याकडच्या काही खोकल्याच्या औषधांत असतं. तिथे खसखसही बेकायदा आहे. लालबागच्या मसाला गल्लीतून कुटून आणलेल्या मसाल्यात खसखस असू शकते आणि अनारशांवर तर ती असतेच. त्या देशांत जाताना या वस्तू घरीच ठेवा.

रोजचा टप्पा कसा ठेवाल

नकाशावरचे तास आणि प्रत्यक्षातले तास वेगळे असतात. क्वीन्सटाउन ते फ्रान्झ जोसेफ हे अंतर साधारण ३५० किलोमीटर. नकाशा पाच तास सांगतो. वळणं, एकेरी पूल, फोटोसाठीचे थांबे आणि जेवण धरून पूर्ण दिवस जातो. साठीपुढच्या चालकाने दिवसाला चार तासांपेक्षा जास्त गाडी चालवू नये, दर दोन तासांनी १५ मिनिटं थांबावं आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचावं, असा माझा सल्ला असतो. थांबल्यावर गाडीतच बसून राहू नका, चाला. तासन् तास बसल्याने पायाच्या शिरेत गुठळी होऊ शकते. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं असेल तर लगेच डॉक्टर गाठा.

पाणी. एसटीच्या प्रवासापासून आपल्याकडच्या बायकांना सवय आहे: वाटेत सोय नसते, म्हणून पाणीच कमी प्यायचं. त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग होतो. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी लघवीतून साखर काढणारी गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो. पाणी प्या आणि थांबे स्वच्छतागृह पाहून ठरवा. लघवी जास्त होण्याची गोळी असेल, तर तिची वेळ बदलता येईल का, ते डॉक्टरांना विचारा.

उपवास. संकष्टी किंवा सोमवार प्रवासात आला आणि मधुमेहाची गोळी चालू असेल, तर त्या दिवशी गाडी चालवू नका किंवा उपवास करू नका. दोन्ही एकत्र नको.

उलट्या-जुलाब झाले तर. मधुमेह, रक्तदाब आणि लघवीच्या काही गोळ्या अशा दिवशी तात्पुरत्या थांबवाव्या लागतात, काही मात्र थांबवायच्या नसतात. कोणत्या ते तुमच्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. इन्सुलिन मनाने बंद करू नका.

विमा: आजार लपवू नका

न्यूझीलंडमध्ये एसीसी नावाची सरकारी योजना आहे. तिच्यात अपघाती दुखापतीच्या उपचारांना पर्यटकांनाही मदत मिळते. पण ती फक्त दुखापतीसाठी आहे. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, न्यूमोनिया यांचा खर्च तुमचा. गाडीचा विमा हा गाडीसाठी असतो. त्याला आरोग्य विमा समजू नका.

प्रवास विमा घेताना मधुमेह, रक्तदाब, अँजिओप्लास्टी, सगळं लिहा. हप्ता थोडा वाढेल. पण लपवलेल्या आजारामुळे क्लेम नाकारला गेला, तर परदेशी रुग्णालयाचं बिल घरच्यांवर येतं. आधीपासूनच्या आजारासाठी संरक्षण आहे का आणि हेलिकॉप्टरने हलवण्याचा व मायदेशी आणण्याचा खर्च धरला आहे का, हे दोन मुद्दे पॉलिसीत शोधून वाचा.

या लक्षणांत गाडी थांबवा आणि मदत मागवा

- छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, धाप. मधुमेहींमध्ये छातीत न दुखताही झटका येऊ शकतो, नुसती धाप किंवा मळमळ असते.
- तोंड वाकडं होणं, एका हातातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं. लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.
- साखर घेऊनही शुद्ध न येणं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, त्याला कुशीवर वळवा.

अशा वेळी "पुढच्या गावात पाहू" म्हणत गाडी दामटू नका. तातडीच्या क्रमांकावर फोन करा, रस्त्याचं नाव आणि मागे गेलेलं शेवटचं गाव सांगा. फोन लागत नसेल तर येणारी गाडी थांबवा.

प्रवास केव्हा पुढे ढकलावा?

गेल्या काही आठवड्यांत झटका, अँजिओप्लास्टी, पक्षाघात, फिट किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली असेल; छातीत दुखणं नव्याने सुरू झालं असेल; साखर वारंवार ७० च्या खाली जात असेल; कारण न कळता चक्कर येऊन पडला असाल, तर तज्ज्ञांनी हिरवा कंदील दाखवेपर्यंत थांबा. तिकिटाचे पैसे बुडतात म्हणून निघू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

वेळ बदलल्यावर गोळ्या कशा घ्यायच्या?
दिवसातून एकदाची रक्तदाबाची किंवा थायरॉइडची गोळी पोहोचल्यावर तिथल्या सकाळी घेतली तर सहसा चालतं. पूर्वेकडे जाताना दिवस लहान होतो, त्यामुळे इन्सुलिनची मात्रा मात्र डॉक्टरांकडून प्रवासाच्या दिवसासाठी वेगळी लिहून घ्या.

थंडीत ग्लुकोमीटर चालतो का?
कडक थंडीत किंवा उन्हात तो चूक दाखवतो किंवा बंद पडतो. खिशात ठेवा. जादा सेल आणि पट्ट्या न्या.

व्हॉट्सॅपवर तुम्हालाच विचारलं तर?
साध्या शंकेला जरूर विचारा. छातीत दुखतंय हे मला कळवण्यात वेळ घालवू नका. तिथून मी काहीच करू शकत नाही.

आज रात्री करायची एक गोष्ट

दोघांनी एक-एक कागद घ्या. एकमेकांकडे न पाहता जोडीदाराचे आजार, औषधांची नावं, मात्रा, अॅलर्जी आणि रक्तगट लिहा. मग कागद बदलून तपासा. जे चुकलं ते दुरुस्त करून त्याचा फोटो दोघांच्या फोनमध्ये ठेवा.

लालबागच्या त्या काका-काकूंनीही हेच केलं. काकांची ग्लिमेपिराइडची मात्रा कमी करून तीन आठवडे साखर पाहिली. फ्रान्झ जोसेफच्या आधी वाटेत एक मुक्काम वाढवला. काकू महिनाभर गाडी शिकवणाऱ्याबरोबर सकाळी बाहेर पडल्या. निघण्यापूर्वी काका पुन्हा आले, तेव्हा मी न विचारताच त्यांनी सांगितलं: पांढरी गोळी थायरॉइडची, ५० मायक्रोग्रॅम, उपाशीपोटी.

ही माहिती सर्वसाधारण आहे. औषध सुरू करणं, बंद करणं किंवा त्याची मात्रा बदलणं तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा. औषधं आणि खाद्यपदार्थ नेण्याचे नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्या.